मुकादमाच्या गळ्यात पडलेला ड्रायव्हर

घरात चहा जिथे संपेल तिथेच कप ठेवून देणारा हा गृहस्थ कर्नेलच्या, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीच्या, कोडमध्ये मात्र एक फाइल इकडची तिकडे होऊ देत नसे. सगळे त्याला पाठीमागे 'मुकादम' म्हणत. लोकांनी पाठवलेला नवा कोड तपासायचा आणि आधी नाक मुरडायचं, हेच त्याचं काम.

परवा एका नवख्या प्रोग्रामर बाईनं नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्राम, पाठवला. कार्ड विकणाऱ्या कंपनीच्या फोल्डरमध्ये तिनं तो ठेवला होता. मुकादमाचं पित्त खवळलं. "आतली चिप कोणी बनवली ते बघा," त्यानं लिहिलं. "पोराला आडनाव बापाचं लावतात, कपडे विकणाऱ्याचं नाही!"

"पण चिपवाल्यांचं फोल्डरच नाही," तिचं उत्तर आलं.

"मग नवीन करा. ड्रायव्हर चालतो की नाही, ते नंतर बघू."

तिनं मुकाट्यानं नवीन फोल्डर केलं आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याची देखभाल करणारा म्हणून, जागेसाठी हटून बसलेल्या मुकादमाचंच नाव घातलं. बाकीच्या तपासनिसांनी लगोलग होकार दिले. त्या भांडखोर मंडळींत एवढं एकमत आजवर कधी झालं नव्हतं.

ते कार्ड मुकादमानं जन्मात पाहिलेलं नव्हतं. "हात दाखवून अवलक्षण!" तो बायकोपुढे कुरकुरला.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "आपल्या घरासारखंच आहे की," ती म्हणाली. "जागा ठरवेल त्यानंच सांभाळायचं. म्हणून तर इतकी वर्षं कुठली वस्तू कुठे ठेवायची, ते तू मलाच विचारत आलास!"