मोटर कण्हायला लागली तेव्हा

यशवंतपूरच्या आमच्या छोट्या फॅक्टरीत त्या सकाळी पाऊल टाकलं, तर फर्मेंटरची, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या टाकीची, मोटर कण्हत होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी कोल्हापूरहून बंगळूरला आलेले, पहिलीच नोकरी.

काम काय, तर बॅक्टेरियांकडून डिंक करून घ्यायचा. सॉस दाट करायला वापरतात ना, तो झँथन गम. पण आमच्याकडे तो इतका कमी निघायचा की साहेबांनी सांगूनच टाकलं होतं, या बॅचलाही तसंच झालं तर हे काम बंद. म्हणजे मी घरी आणि ऑपरेटर नागोजीअण्णाही घरी.

या वेळी मी भीत भीत बदल केला होता. साखर भरपूर, नायट्रोजन बेताचा... म्हणजे बॅक्टेरिया नुसते वाढत न बसता डिंक करतील. अण्णांनी आपल्या परीनं टाकीला कुंकू लावून कोहळा फोडला होता.

आणि आता ही मोटर! मागे बेअरिंग गेलं तेव्हा अस्साच आवाज आला होता.

"अक्का, बंद करू का? जळेल की हो ही!" अण्णा स्विचवर हात ठेवून म्हणाले. ते पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचे, घरी मराठी बोलणारे. ढवळणं थांबलं तर हवा मिळणार नाही, बॅक्टेरिया मरणार. नाही थांबवलं तर मोटर जाणार. "अण्णा, स्वल्प थांबा," मी तिथल्या कानडी सवयीनं म्हटलं.

निदान सॅम्पल तरी बघू म्हणून खालचा नळ उघडला. काहीच येईना. हाही चोंदला, संपलं सगळं... डोळ्यांत पाणीच आलं. मग हळूहळू एक जाड लोळा बाहेर आला, मधासारखा.

स्पिरिटमध्ये डिंक वेगळा होतो, म्हणून तो त्यात ओतून काचेच्या कांडीनं ढवळला. एरवी चार तंतू दिसायचे, आज कांडीभोवती पांढराशुभ्र गोळाच जमला. बेअरिंग वगैरे काही नव्हतं हो... डिंकच इतका झाला होता की मोटरला ढवळवेना!

अण्णा हसायला लागले, मी रडायला. बॅच संपेपर्यंत धाकधूक होतीच, पण मोटरनं तग धरला. साहेबांनी कौतुकाचा शब्द काढला नाही, मोठी मोटर मात्र मागवली.

माझ्या एका शब्दावर, स्विचवरचा हात मागे घेणाऱ्या नागोजीअण्णांची आज फार आठवण येतेय. एखादं काम जड जायला लागलं की मी अजूनही घाबरते... पण लगेच बंद नाही करत.