सगळ्यांचं एकच नाव

आमच्या ऑफिसात तेव्हा सगळ्यांचं नाव अ‍ॅडमिन होतं. हैदराबादेत, कुकटपल्लीतल्या एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर बसून आम्ही एका हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळायचो. हॉस्पिटलच्या शाखा शहरभर पसरलेल्या आणि प्रत्येक शाखेत स्विच आणि राउटरची, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रांची कपाटं. कुठल्याही स्विचमध्ये शिरायचं तर नाव टाकायचं अ‍ॅडमिन, पासवर्डही सगळ्यांचा मिळून एकच. रुजू झाल्याच्या पहिल्याच दिवशी चहा पिता पिता तो मला सांगण्यात आला, तोही दारावरच्या वॉचमनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. नोकरी सोडून गेलेल्यांनाही तो पाठ होता. पुण्यात आमच्या सोसायटीच्या पंपाच्या खोलीची किल्ली याहून जपून ठेवतात, असं मी म्हणाले. कोणी हसलं नाही. वाक्याची सुरुवात पुण्यापासून केली की हैदराबादेत लोक हसायचं टाळतात, हे मला पुढे कळलं.

हसली ती एकटी अक्का. ती आमची टीम लीड. चिक्कडपल्लीतल्या जुन्या मराठी घरातली. घरात पिढ्यान्‌पिढ्या वकील, मास्तर आणि सरकारी कारकून. मी तिला मॅडम म्हटलं तर म्हणाली, "मॅडम नक्को. गल्लीतले तेलुगू लोक अक्का म्हणतात, घरातले मराठी अक्का म्हणतात, तुलाच काय झालं?" तिचं मराठी ऐकून पहिला आठवडाभर मी मनातल्या मनात लाल शाई घेऊन बसले होते. मग ती शाई आपोआप वाळली. कारण माझ्या शुद्ध मराठीत किंवा मोडक्या इंग्रजीत आजवर कोणी जे मला धड समजावलं नव्हतं, ते ही बाई 'हौ' आणि 'नक्को' करत सहज डोक्यात उतरवायची.

तर एका दुपारी हॉस्पिटलच्या मुख्य इमारतीतल्या लॅबचे सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडले. शोधलं तेव्हा दिसलं, की लॅबच्या स्विचला दिलेल्या सूचनांतली एक ओळ कोणीतरी पुसून टाकली होती. ओळ परत घातली, लॅब सुरू झाली, पण तोवर हॉस्पिटलची माणसं खवळली होती. ओळ कोणी पुसली, हे स्विचच्या नोंदीत पाहिलं. स्विचच्या मते ती अ‍ॅडमिनने पुसली होती.

आमचे मॅनेजर साहेब मुंबईचे. माणूस वाईट नाही, पण घाईचा. हॉस्पिटलने जाब विचारला होता आणि त्यांना उत्तरात एक नाव हवं होतं. ते नाव त्यांनी आमच्या अन्नाचं ठरवलं. अन्ना म्हणजे आमच्यातला सगळ्यांत वयस्कर तंत्रज्ञ, पन्नाशीचा तेलुगू गृहस्थ, मितभाषी, कंत्राटावरचा. त्या दुपारी शिफ्ट त्याची होती, शिवाय त्याचं कंत्राट महिनाअखेरीस संपत होतं, म्हणजे काढायलाही नको, नुसतं नवं करायचं नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर संन्यासी असा सोयीचा असावा. या धंद्यात पन्नाशीला हातची नोकरी सुटली की दुसरी मिळत नाही, हे अन्नाला माहीत होतं आणि आम्हालाही. त्याने एकदाच सांगितलं, "मैंने नहीं करा." पुन्हा त्याबद्दल तो कोणाशी बोलला नाही.

अक्का साहेबांच्या केबिनमध्ये गेली, मला बरोबर घेऊन. साक्षीदार म्हणून घेऊन गेली असावी.

"त्यानंच केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?" तिने विचारलं.

"शिफ्ट त्याची होती."

"शिफ्ट त्याची, पण पासवर्ड तर सगळ्या गावाचा. त्या दुपारी आत शिरलेले सगळेच अ‍ॅडमिन. मीबी अ‍ॅडमिन, तुम्हीबी अ‍ॅडमिन."

शेवटी सौदा ठरला. महिनाअखेरीपर्यंत अक्काने प्रत्येक यंत्रावर ज्याच्या-त्याच्या नावाचं लॉगिन लावायचं. तोवर अन्ना राहील, पण यंत्रांना हात लावणार नाही. आणि हे काम करताना कुठेही घोळ झाला, तर साहेब थांबणार नाहीत, अन्ना जाईल. "एकसुद्धा घोळ," साहेब म्हणाले. अक्का हौ म्हणाली.

काम असं होतं. आजवर प्रत्येक स्विच दारात आलेल्याचा पासवर्ड आपला आपण तपासायचा. आता त्याने स्वतः काही ठरवायचं नाही. कोणी आलं, की हॉस्पिटलमधल्या एका मुख्य सर्व्हरला विचारायचं: हा माणूस खरा का, याला काय काय करू द्यायचं? आणि आत जाऊन त्याने काय केलं, ते त्याच्या नावाने तिथेच नोंदवायचं. सर्व्हरशी बोलणंच झालं नाही, तर अडीनडीला म्हणून स्विचच्या पोटात एक आणीबाणीचं खातं ठेवायचं. हे सांगायला सोपं आहे. पण कुलूप बदलताना आपणच बाहेर राहिलो, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला, तारनाक्याच्या शाखेतल्या कपाटातला स्विच कुकटपल्लीहून कसा उघडणार?

म्हणून अक्काची एक रीत होती. आधी स्क्रीनवरच्या एका खिडकीतून जुन्या नावाने आत जाऊन बसायचं आणि त्या खिडकीला हात लावायचा नाही. दुसरीतून नव्या ओळी घालायच्या. मग तिसरी उघडून स्वतःच्या नावाने आत जाऊन पाहायचं. ते जमलं, तरच पहिली बंद करायची. ओळी बदलल्या म्हणून आधीच आत बसलेल्याला स्विच उठवत नाही, एवढाच त्यातला आधार. यंत्र लहान असो की मोठं, ती एकही पायरी गाळायची नाही. मला या सोवळ्याचा कंटाळा यायचा. मी म्हणायचे, अक्का, टाका ओळी आणि चला पुढे. ती म्हणायची, "ओपिक ठेव गं, ओपिक." तेलुगूत ओपिक म्हणजे धीर. मला तो मराठीतही कमीच आहे.

पण खरं सांगते, तिचं काम बघायला मला आवडायला लागलं. एखादा स्विच नाठाळपणा करू लागला, की आम्ही बाकीचे कळफलकावर तुटून पडायचो. ती मात्र हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसायची. मग एकच ओळ टाइप करायची, आणि ती बरोबर असायची. असा माणूस मी आधी पाहिला नव्हता.

तारनाक्याची शाखा शेवटच्या काहींत होती. भर सकाळची वेळ. अक्काने रीतसर दोन खिडक्या उघडल्या, नव्या ओळी घातल्या, आणि आता तिसरी उघडणार तेवढ्यात तारनाक्याहूनच फोन आला. तिथल्या लॅबच्या बाईंनी रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायच्या लेबलांचा प्रिंटर दुसऱ्या खोलीत हलवला होता आणि तो चालत नव्हता; नव्या जागेसाठी त्याच स्विचवर एक ओळ बदलायला हवी होती. रांग लागली होती. अक्का कोणाचा फोन मध्येच तोडत नाही. त्या बाईंची सगळी हकिगत तिने तेलुगूतून शांतपणे ऐकून घेतली आणि लगेच करून देते असं सांगितलं. फोन ठेवून वळली, तर दोन्ही खिडक्या मिटलेल्या. आत शिरून कोणी नुसतंच बसलं, तर थोड्या वेळाने स्विचने त्याला बाहेर काढावं, हा नियम आदल्याच आठवड्यात तिने सगळीकडे घातला होता. आमच्यातले काही जण स्क्रीन उघडी टाकून बिर्याणी खायला जायचे, त्यांच्यासाठी होता तो. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तिने स्वतःचं नाव टाकलं. नकार आला. माझं टाकून पाहिलं. नकार. आणीबाणीचं खातं वापरलं, तर त्यालाही नकार. समोरच्या टेबलाशी अन्ना वायरींवर चिठ्ठ्या चिकटवत बसला होता. हात लावायची बंदी आल्यापासून त्याला तेवढंच काम उरलं होतं. आमचे चेहरे बघून त्याला सगळं कळलं असणार, पण त्याने मान वर केली नाही.

"बटण बंद-चालू करायला सांगू का त्यांना?" मी म्हणाले. नव्या ओळी अजून कायमच्या जतन केलेल्या नव्हत्या. स्विच बंद करून चालू केला, तर तो जुनंच सगळं घेऊन उठला असता.

"आणि उठेपर्यंत अख्खी शाखा बंद? नक्को." मग तिचे हात मांडीवर गेले. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "नाही म्हणायला किती वेळ घ्यायलाय तो?"

"लगेच म्हणतोय."

"लगेच म्हणजे कोणाला तरी विचारून म्हणायलाय. सर्व्हर मिळाला नसता, तर थोडा थांबला असता, वाट बघितली असती. ह्याला उत्तर मिळायलंय, आणि उत्तर नाही असंच आहे."

तिने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या आणि तेच निघालं. तारनाक्याच्या स्विचला नेटवर्कवर दोन पत्ते होते. आम्ही हॉस्पिटलमार्फत सर्व्हरला एकच कळवला होता आणि स्विच दुसऱ्यावरून बोलत होता. सर्व्हरच्या लेखी तो परका, आणि परक्याने काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं, असा तिथला नियम. आणीबाणीचं खातं सर्व्हर गप्प राहिला तरच उघडतं. सर्व्हरने नाही म्हटल्यावर स्विच पुढे स्वतःच्या पोटात बघतच नाही. बरं, सर्व्हर हॉस्पिटलच्या ताब्यात. आम्हाला तिथे नुसतं पाहता यायचं, पत्ता घालायचा तर आठवड्यातून एकदा बसणाऱ्या त्यांच्या मंडळींची मंजुरी लागायची. इकडे लेबलांचा प्रिंटर थांबलेला.

"मग आता?" मी म्हणाले.

"मग काय, सर्व्हरला गप्प बसवू."

तारनाक्याच्या त्या स्विचच्या अलीकडे एक राउटर होता आणि त्याच्यात आम्हाला शिरता येत होतं. अक्काने तिथे एक ओळ घातली: या स्विचचा आवाज सर्व्हरपर्यंत जाऊ द्यायचा नाही, बाकी सगळं चालू द्यायचं. मग तिने पुन्हा आणीबाणीचं खातं टाकलं. या वेळी नकार लगेच आला नाही. स्विच थांबला. मग दार उघडलं. तिने आधी प्रिंटरचं काम केलं, मग स्विचला बजावलं की यापुढे एकाच पत्त्यावरून बोलायचं, मग राउटरवरची ओळ काढली आणि तिसऱ्या खिडकीतून स्वतःच्या नावाने आत गेली. लॅबच्या बाईंचा फोन आला, की लेबलं येऊ लागली, थँक्यू अम्मा. शाखेत कोणाला काहीच कळलं नव्हतं. मला अक्काच्या पाया पडावंसं वाटलं, पण पुणेकर असल्यामुळे मी नुसतं "बरं झालं" म्हणाले.

संध्याकाळी तिने साहेबांकडे जायचा अहवाल लिहायला घेतला. मी खांद्यावरून वाचलं आणि माझं डोकं फिरलं. "तारनाक्याचा स्विच माझ्या चुकीने काही काळ कोणालाच उघडता येत नव्हता," असं तिने स्वतःच्या नावाने सरळ लिहिलं होतं.

"अक्का, कोणाला पत्ता लागला नाहीये. आणीबाणीच्या खात्याला नावसुद्धा नसतं. हा घोळ आहे, आणि घोळ झाला तर अन्ना जाणार. तुमच्या सचोटीची किंमत त्याने का मोजायची?"

"मी विसरले असं वाटतं का तुला?" ती म्हणाली आणि अहवाल पाठवून दिला. त्या रागात मी तिच्याशी न बोलता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. आम्ही दोघी गेलो. साहेब वैतागलेले दिसत होते. म्हणाले, "हे लिहायची काय गरज होती? आता मी काय करू? आपलं ठरलं होतं."

"हौ, ठरलं होतं. घोळ झाला तर माणूस काढायचा. काढा मला."

"तुम्हाला कशाला काढू?"

"घोळ मी केला. माझं नाव आहे तिथे, वेळ आहे, कुठली ओळ घातली तीबी आहे. सगळं बघा, मग ठरवा." मग ती जरा थांबून म्हणाली, "आणि चूक सापडूनबी मला ठेवणार असाल, तर ज्याची चूक सापडलीच नाही, त्याला कायकू काढायलात?"

साहेबांनी खिडकीकडे बघितलं, मग टेबलाकडे. मग ते म्हणाले, "त्याला आत पाठवा." अन्नाचं कंत्राट त्याच दिवशी नवं झालं.

बाहेर येऊन अन्नाने अक्काला हात जोडले. तिने ते खाली केले आणि त्याला त्याच्या नावाचं लॉगिन दिलं. तो आपल्या खुर्चीत बसला, चष्मा पुसला आणि मुख्य इमारतीतल्या लॅबच्या स्विचमध्ये स्वतःच्या नावाने शिरला. काही न बदलता त्याने सगळ्या ओळी वाचल्या आणि बाहेर पडला.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडताना माझ्याच्याने राहवलं नाही. मी हळूच विचारलं, "अक्का, पण त्या दिवशी ती ओळ खरंच अन्नाने पुसली नव्हती ना?"

"मला काय ठाऊक," अक्का म्हणाली. "पुसलीबी असंल."

तिने माझ्या डब्यात गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची चटणी वाढली.

"ठाऊक नसताना माणसाला काढत नसतात, इतकंच ठाऊक आहे मला. जेव."