यंदाची घागर

आपल्याच गावात पाहुणा म्हणून, गळ्यात सहलीचं कार्ड अडकवून जाण्यासारखा मूर्खपणा नाही. तो मी यंदा केला, आणि काकूला सोबत नेऊन केला.

हल्ली शिरपूरहून एका दिवसाची सहल निघते. सकाळी थाळनेरचा पडका किल्ला, तिथल्या लढाया, मग आमच्या गावातली शहीद जवानांच्या नावांची शिळा, मग नावेतून तापी, भोयांची जाळी आणि शेवटी वाळूतल्या डांगरवाडीत जेवण. डांगर म्हणजे खरबूज. काकूनं शेजारणीकडून हे ऐकलं आणि धुळ्याच्या घरात हट्ट धरून बसली. गाव सोडून चाळीसेक वर्षं झाली होती, तिला नदी बघायची होती. मी गुडघ्यांचं, उन्हाचं, नाना कारणं पुढे केली. खरं कारण ती शिळा होती.

माझे काका एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. घरी तार आली, तिच्यात ‘बेपत्ता’ एवढाच शब्द होता आणि काकूनं तो घट्ट धरून ठेवला. सरकारनं पुढे काकांना मृत धरलं, आजोबांनी धरलं, भावकीनं धरलं. हिनं नाही. कुंकू, बांगड्या, सगळं तसंच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, वर डांगर ठेवतात. त्या दिवशी पितर पाण्याला, जेवायला येतात असं मानतात. आजोबा-आजी गेल्यावर त्यांच्या घागरी काकूच मांडायची, सांजोऱ्या तीच तळायची. काकांची घागर मात्र तिनं कधी भरू दिली नाही. जिवंत माणसाची घागर कोण भरतं, असं म्हणून ती पुढच्या कामाला लागायची.

तीन वर्षांपूर्वी गावानं शिळा उभारायचं ठरवलं. माझ्याकडे कागद आला. नात्यातल्या कुणीतरी सही करून नाव कळवायचं होतं. मी जन्मभर कचेरीत सह्याच केल्या, ही पण केली. तिला विचारलं नाही. आमच्या घराण्याचं नाव दगडावर यावं अशी हौस होती, हे कबूल करतो.

सहलीच्या दिवशी मी माहिती सांगणाऱ्या गुरुजींना बाजूला घेऊन विनवलं होतं, शिळेपाशी गाडी पाच मिनिटंच थांबवा, काकूला मी चहाला बसवतो. बसवलीही. चहा सांगून वळतो तर बाई शिळेपुढे उभी. दहाबारा माणसं गोळा झालेली, गुरुजी रंगात येऊन कुठल्या आघाडीवर काय झालं ते सांगत होते.

काकूला वाचता येतं. काकांची पत्रं दुसऱ्याकडून वाचून घ्यायची लाज वाटायची, म्हणून पहिलीतल्या माझ्या पाटीवर ती अक्षरं गिरवायला शिकली. मीच शिकवली. त्या दिवशीही ती तशीच, एकेका अक्षरावर बोट ठेवून, मोठ्यानं वाचत होती. पहिलं नाव वाचलं. दुसरं वाचलं. तिसरं वाचलं आणि हात जोडले. चौथ्यावर बोट थांबलं. ओठ हलले, आवाज आला नाही. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

गुरुजींना वाटलं, म्हातारीला जोडाक्षर जड जातंय. बिचारे पुढे झाले. “थांबा अक्का, मी सांगतो,” म्हणाले आणि काकांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. वर, “देशासाठी प्राण दिले हो यांनी,” असंही म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

काकूनं पदर कपाळावर ओढला आणि गाडीकडे चालू लागली. मी मागे गेलो.

“यास्ले कोनी सांगं?” तिनं विचारलं.

खोटं बोलायचं होतं. ओठांवर आलंही होतं. “मीच, काकू,” म्हणालो.

तिनं मला एक शब्द बोलायला नको होता का? मी शिव्या खायला तयार होतो. ती नुसती खिडकीशी बसली. नावेत भोई जाळं दाखवत होता, सगळे फोटो काढत होते, ती पाण्याकडे बघत होती.

डांगरवाडीत जेवण तिनं नको म्हटलं. वेलांतून वाकत वाकत फिरली, डांगरं हातात घेऊन हुंगली, टिचकी मारून पाहिली, ठेवून दिली. बंधारा झाल्यापासून वाळू कमी झालीय, डांगरंही पूर्वीसारखी होत नाहीत, असं वाडीवाली सांगत होती. काकूनं एक लहानसंच, पिवळं, वास सुटलेलं निवडलं.

“आठ दिवसवर आखाजी शे,” ती मला म्हणाली. “कुंभारकडथून एक घागर जास्ती आन.”

मी मान हलवली. मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी तरी ती माझ्यावर ओरडेल, रडेल, त्या दगडाला नावं ठेवील. परतीच्या गाडीत डांगर तिच्या मांडीवर होतं. शिंदखेड्याचा फाटा मागे पडला तेव्हा ती हळूच म्हणाली,

“मंग इतला वरीस मी त्यास्ले उपाशी ठेवं का रे, भाऊ?”

मी तिचा हात धरला. धुळ्याला उतरलो तसा मी आधी कुंभाराकडे वळलो.