पट्टे बाकी होते

ज्या गाडीत करीम उस्ताद गेले, ती गाडी आज गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

११ मार्च. सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. मी एका टेम्पोच्या चाकाचे नट आवळत होतो. पाचपैकी तीन झाले होते.

आवाजावरूनच ओळखली. मान वर केली नाही. उरलेले दोन आवळले, मग उठलो.

उस्तादांना जाऊन आज बरोबर एक वर्ष झालं. गाडीच्या मालकाच्या ते लक्षातही नव्हतं.

उस्तादांना जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मी नववी नापास झाल्यावर त्यांनी मला कामाला घेतलं. आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. अक्षर चांगलं म्हणून मला ‘मास्तर’ म्हणायचे. रोजची कामं भिंतीवरच्या बोर्डावर मीच खडूनं लिहायचो.

गाडी करमाडच्या वैभवभाऊंची. घरची शेती, शहरात नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात गाडी उडवायचा नाद. त्यांना पिकअपला लाँग ट्रॅव्हल सस्पेन्शन हवं होतं. म्हणजे चाक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वर-खाली व्हायला पाहिजे.

नवे लांब आर्म, नवे शॉक, नव्या स्प्रिंग. एकवीस दिवस लागले. सगळं मी आवळलं. प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाची रेघ मारली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

शेवटच्या संध्याकाळी मी त्या रेघा तिसऱ्यांदा बघत होतो.

उस्ताद वैभवभाऊंना म्हणाले, "इसको देखो. ये चाय में बी टेस्टर डालके देखता, करंट है क्या करके."

वैभवभाऊ लई हसले. चहावाला पण हसला.

"कायकू इतना डरता रे मास्तर? तेरा डर गाडी को लग जाएंगा."

मी पुढची रेघ बघायला वाकलो. पण मला लागलं ते.

एकच काम सकाळवर ठेवलं होतं. पुढच्या चाकांचे दोन लिमिट स्ट्रॅप.

जाड विणलेले पट्टे असतात. गाडी हवेत गेली की चाक खाली लोंबतं. पट्टा त्याला एका हद्दीपलीकडं जाऊ देत नाही. पट्टा नसला तर जॉइंट निसटू शकतो. मग गाडी जमिनीवर येते तेव्हा खाली चाक सरळ नसतं.

सकाळी आठला गॅरेज उघडलं. पट्ट्यांसोबत आलेले बोल्ट आखूड निघाले.

उस्ताद दहाला यायचे. फोन करता आला असता.

केला नाही. परत तेच ऐकायचं नव्हतं.

बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘पट्टे बाकी आहेत. बोल्ट आणायला शहागंजला जातोय. मी येईपर्यंत गाडी काढू नये.’

दोनदा वाचून बघितलं. आणि गेलो.

अकरा पस्तीसला, तिसऱ्या दुकानात, बोल्ट मोजून घेत होतो, तेव्हा फोन आला.

करमाडच्या पुढच्या खदानीत, दुसऱ्या उडीला, उजवं चाक निसटलं. गाडी त्याच बाजूवर पडली.

वैभवभाऊंचं खांद्याचं हाड मोडलं.

उस्ताद दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

आमच्या गॅरेजचा नियम होता, ज्यानं काम केलं त्यानं पहिल्या ट्रायलला शेजारी बसायचं. मी नव्हतो म्हणून ते बसले. माझं काम ते कधी तपासत नव्हते. "मास्तर ने किया ना? बस."

त्यानंतर बाजारात एकच बोलणं. म्हाताऱ्याचा हात गेला होता. नट ढिले सोडले.

चाळिसाव्याच्या दिवशी चाचींनी, म्हणजे उस्तादांच्या बायकोनं, मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "सच बोल बेटा. इनके हाथ से कुछ रह गया था क्या?"

मी म्हणालो, "नाही चाची. वैभवनं बोर्ड वाचला होता. वाचूनसुद्धा गाडी काढली."

वर्षभर मी हेच सांगत आलो. तुमच्यातल्या कितीतरी जणांना सांगितलंय.

आज वैभवभाऊ गाडीतून उतरले. गाडी दुसरीकडून दुरुस्त करून घेतलीय, आधीपेक्षा दोन इंच उंच. मी वाकून चाकाच्या आत बघितलं.

पट्टे अजून नाहीत.

"रविवारी फर्दापूरकडं जायचंय, डोंगरात," ते म्हणाले. "तेवढं पट्ट्याचं काम करून दे."

मला राहवलं नाही. "भाऊ, त्या दिवशी बोर्ड वाचला होता ना तुम्ही?"

"व्हय, वाचला होता."

"मग गाडी का काढली?"



"मला दुपारी एक वाजता कामावर निघायचं व्हतं, घाई व्हती, खोटं नाय बोलत. पण उस्ताद चष्मा लावून त्या बोर्डासमोर उभे व्हते की रे. चांगलं दोन मिनिटं. मग म्हणले, चलो. त्यांनी वाचलं, तरी चलो म्हणले. मला वाटलं, पट्ट्याबिगर चालत असंल. मी त्यांच्यापेक्षा शहाणा हाय का?"

इथपर्यंत मी एक गोष्ट लिहायची टाळली.

उस्तादांना मराठी वाचता येत नव्हतं.

ते उर्दू शाळेत शिकले, तेही थोडंच. बोलायचे सगळं. गिऱ्हाइकासमोर कळू नये म्हणून चष्मा लावून बोर्डासमोर उभे राहायचे. मी शेजारी उभा राहून, स्वतःशीच वाचल्यासारखं, हळू वाचायचो.

रोज. आठ वर्षं.

त्या गॅरेजात हे फक्त मला माहीत होतं.

त्या दिवशी ते दोन मिनिटं उभे राहिले. शेजारी कुणी नव्हतं. गिऱ्हाइकाला विचारणं त्यांना जमलं नसतं. रोजचंच काहीतरी असेल, पट्टे मी सकाळीच लावले असतील, असं धरून ते निघाले असतील.

वैभवभाऊंना मी घरी पाठवलं. रिक्षानं. गाडीची किल्ली माझ्या खिशात आहे. पट्टे लागल्याशिवाय ती हलणार नाही, त्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी.

उस्तादांच्या हातून काही राहिलं नव्हतं. त्यांनी त्या गाडीचा एकही नट आवळला नव्हता. बाजारात कुणी वेगळं बोललं तर माझं नाव सांगा.

आता साडेचार वाजलेत. चाचींकडं निघतोय. त्यांनाही मराठी वाचता येत नाही, तेव्हा हे सगळं मला त्यांच्यासमोर बसून तोंडानं सांगावं लागेल.

करीम उस्ताद, तुमच्या मास्तरचा तुम्हाला सलाम.