मशीनचं ऑईल

दवाखान्याच्या औषध-खिडकीमागे बसलं की किस्से आपोआप साचतात. हसवणारे आधी आठवतात, एवढंच. परदेशात फार्मसी शिकून सुरतला, पांडेसऱ्यात परतले, तेव्हा वाटलं होतं, इथले लोक गोळ्या चुकवत असतील, मी त्यांना शिस्त लावीन. पाहते तर लोक सगळ्या गोळ्या घेतात. घरातल्या सगळ्यांच्या!

पहिल्याच महिन्यात सखुआजी चक्कर येऊन पडल्या. स्वतःची बीपीची गोळी घेतलीच, वर सुनेचीही! का? "तिना उपास व्हता ना माय. गोळी वाया जाती!"

•

मग रेखा. टीबीची गोळी आमच्याकडून, पाळणा लांबवण्याची दुसरीकडून. तरी दिवस गेले.

"ताई, एक दिवस नाही चुकली!"

खरंच नव्हती चुकली. टीबीची गोळी लिव्हरला इतकं भरधाव पळवते, की दुसरी गोळी काम करण्याआधीच संपते. तेव्हापासून टीबीच्या प्रत्येक पेशंटला मी विचारू लागले, "दुसरं काही औषध चालू आहे?" आमचे कंपाउंडर भिकनभाऊ म्हणायचे, "मॅडमची टेप लागली!"

•

दगडूभाऊ लूमवर कामाला. त्या खडखडाटानं कान गेलेले, म्हणून प्रश्न ओरडून विचारावा लागे. तेही ओरडत, "नाही हो ताई! टीबी सोडून एकदम फिट!" सगळी लाईन हसायची.

दोन महिन्यांनी त्यांना लकवा मारला. तिसऱ्या दिवशी गेले.

•

तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी, सिंधूताई, उरलेल्या गोळ्या परत करायला आल्या. "कोणा गरिबाला द्या."

पिशव्या दोन होत्या. एक आमची. दुसरीत रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या. सिंधूताईंनी सांगितलं, दगडूभाऊंच्या हृदयात घड्याळासारखा वाजणारा कृत्रिम व्हॉल्व्ह होता. आमच्या गोळीनं ही गोळी निकामी केली होती, आणि रक्ताची गाठ होऊन मेंदूत अडकली होती.

"मी दर वेळी विचारत होते, सिंधूताई!"

"तुम्ही औषध विचारलं ना. याला ते मशीनचं ऑईल म्हणायचे. छातीतली टिकटिक चालू राहायला." मग हळूच म्हणाल्या, "घरात आता फार शांत वाटतं."

भिकनभाऊंनी खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फॉर्मवरची 'इतर औषधे' ही ओळ खोडली आणि खिडकी उघडली. पहिल्याच माणसाला म्हटलं, "आधी घरी जा. तोंडात जे जे टाकता, ते सगळं घेऊन या. मग गोळ्या."

"देवाचा अंगारापण?"

"अंगारापण!"