पाणचट गुळवेल

पाचोऱ्याजवळच्या त्या गावात तापाला भिकुबाईचा काढा ठरलेला. टेकडीवरच्या कोरड्या मुरमातली गुळवेल ती स्वतः तोडून आणायची. गुडघे धरू लागले तसं तिनं परसातल्या काळ्या मातीत वेल लावली. रोजचं पाणी मिळालं, अठ्ठ्याऐंशी साली पाऊसही धो धो झाला, आणि वेल चांगली जाडजूड झाली.

त्याच पावसाळ्यात तिचा नवरा पुना तापानं पडला. शेजारची लिलाबाई म्हणाली, दवाखान्यात न्या.

"मना काढा शे ना," आपल्याच काढ्यावर भरवसा ठेवून भिकुबाई म्हणाली.

एरवी पेला पाहूनच तोंड फिरवणारा पुना या खेपेला मुकाट्यानं प्यायला. "आज कडू नही लागस," म्हणाला. ती हसली. तिला वाटलं, माणूस शहाणा झाला.

ताप डोक्यात गेल्यावर त्याला बैलगाडीतून पाचोऱ्याला नेलं. घरी आलं ते प्रेतच.

तेरावं झाल्यावर भिकुबाईनं परसातल्या वेलीचं कांडं चावून पाहिलं. ते नुसतं पाणचट लागलं. तिथंच मातीत बसून ती हमसून हमसून रडली. लिलाबाईनं परोपरीनं समजावलं, की ताप जबर होता, टेकडीवरच्या वेलीनंही उतरला नसता. भिकुबाईला ते पटलं नाही.

पुढं कुणी काढा मागायला आलं, की ती दार न उघडताच आतून म्हणायची, "दवाखान्यात जा."