दत्तूच्या तळ्यातले मासे आणि इंदूचा श्वास

घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, तरी माझी इंदू गुदमरून गेली.

आज वर्ष झालं. सकाळी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. माणसं जेवून गेली. आता मी आणि हा मोबाईल, ज्यावर हे लिहितोय.

मी शाळेत मराठी शिकवलं, पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या. इंदू कॉलेजात झूलॉजी शिकवायची.
म्हणायची, "अहो, तुमच्या कवितेतले मासे नुसतेच चमकतात. श्वास कधी घेतात?"

कर्जतला तिच्या भावाचं, दत्तूचं, शेततळं आहे. त्यात रोहू-कटला सोडलेले. एका ढगाळ सकाळी आम्ही गेलो, तर सगळे मासे वर येऊन तोंडं वासत होते.

"ताई, लई भुकेजलेत गं!" दत्तू घमेल्यानं पेंड टाकत होता.

"दत्त्या, थांब! भूक न्हाई ती. पाण्यातला ऑक्सिजन संपलाय. पेंड कुजली की उरलासुरला बी जाईल. मोटार लाव, पाणी उडव."

पाणी उडत राहिलं. हळूहळू मासे खाली गेले.

बांधावर तरवड पिवळा फुललेला. तिथं बसून तिनं मला समजावलं.
कल्ल्यांत बारीक पेशी असतात. ऑक्सिजन कमी झाला की त्या सेरोटोनिनसारखी रसायनं सोडतात. शेजारची नस जागी होते, मेंदूला सांगावा जातो, कल्ले भराभर हलू लागतात.

"आपल्यालाही आहे असा पहारेकरी." तिनं माझ्या गळ्याच्या बाजूला बोट टेकवलं. "इथं."

ते बोट गार होतं. अजून जाणवतं.

पुढं तिची फुफ्फुसं कडक होत गेली. डॉक्टरांनी हात टेकले. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं.
भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "दोन घास खा, ताकद येईल."
दत्तूनं शिऱ्याचा डबा उघडला, तेव्हा ती धापा टाकत हसली.
"पेंड टाकतोस व्हय रे?"
दत्तू अंगणात जाऊन रडला.

शेवटच्या दिवशी मशीन फुल्ल होतं. तरी पुरेना.
तिचा हात गळ्याशी गेला.
"अहो... कळलंय मला... ह्याला सांगा ना... गप बस म्हणावं आता."

मी कुणाला काय सांगणार? हात धरून बसलो.

पहारेकरी इमानदार होता. ती थांबेपर्यंत ओरडत राहिला.

लोक म्हणतात, सुटली.
मला नाही म्हणता येत तसं.

इंदू, तुला अखेरचा जयभीम.